चार नंबरच्या टाकीतला किरकिऱ्या

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली. राग आला की माणसांवर काढायचा नाही, वहीत काढायचा. तारीख घालायची, कारण लिहायचं, वही मिटायची. कुणाला दाखवायची गरज नाही. मी म्हटलं, मला राग येतच नाही, लोक आणतात. डॉक्टर म्हणाले, मग लोक काय करतात ते लिहा. तीनदा दंडाला पट्टा आवळला आणि आकडा दाखवला बायकोला. पेशंट कोण, ही की मी? याचा राग आला. लिहिला. गेला नाही.

निश्चय: आजपासून आवाज चढवायचा नाही. मुळात चढत नाहीच. खणखणीत आहे, एवढंच.

४ मार्च, मंगळवार

ड्यूटी सात ते तीन. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळ बसायच्या चार टाक्या. एक, दोन, तीन आरशासारख्या, कारण त्या माझ्याकडे. चार नंबर दोन वर्षं बंद, कारण ती साहेबांकडे. तळाला गुडघाभर गाळ, वर शेवाळ, मध्ये काहीबाही वळवळतंय. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, वर विचारून सांगतो. साहेबांचं आडनाव काही का असेना, आम्ही त्यांना वरविचारे म्हणतो. घरी भाजी आणायची तरी वर विचारत असतील.

लॉगबुकात लाल शाईनं शेरा मारला. माझा हा सतरावा. आजवर एकाचंही उत्तर नाही. मग बसून अर्जच लिहिला आणि साहेबांना वगळून थेट वर पाठवला. टाकी तातडीनं उपसून, घासून, कोरडी करावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांना आपण जबाबदार. भाषा सौम्य ठेवली. ‘हलगर्जीपणा’ एकदाच, ‘निर्लज्ज’ दोनदा.

बरं वाटलं. वहीपेक्षा अर्ज गुणकारी.

६ मार्च, गुरुवार

मोठी गोष्ट घडली. सविस्तर लिहितो.

अर्जाला पुरावा हवा म्हणून चार नंबरचा गाळ मोजायला गेलो. लांब दांड्याच्या डावानं थोडा गाळ वर काढला तर त्यात एक किडा. करंगळीच्या नखाएवढा, गोलसर, फुगीर, तांबूस, पाठीवर काळा पट्टा, डोळे बाहेर आलेले. चिमटीत धरला. तर ओरडला. खरंच ओरडला. किर्रर्र, किर्रर्र, अगदी स्पष्ट. या केंद्रावर एकतीस वर्षांत माझ्यावर कुणाची ओरडायची छाती झाली नाही, आणि हा एवढासा जीव थेट तोंडावर ओरडतो. मला तो एकदम आवडला.

पाण्यात सोडला तर गप्प. सरळ तळाशी गेला आणि एक लाल अळी पकडून फस्त केली. लाल अळी. दर उन्हाळ्यात नळातून येते म्हणून लोक जिच्यासाठी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तीच. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे किडे वाढवायचे, दहा हजार करायचे, सगळ्या टाक्यांत सोडायचे. अळी बंद, तक्रारी बंद.

फिटरला योजना सांगितली. तो विचार करून म्हणाला, पण मग नळातून हे येतील. काही माणसांना चांगलं बघवतच नाही. त्याला दोन शब्द सुनावले. दोनच. तो म्हणतो, वीस मिनिटं.

किड्याचं नाव ठेवलं किरकिऱ्या. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, घरात एक आहे तेवढा पुरे. कुणाबद्दल बोलत होती कोण जाणे.

७ मार्च, शुक्रवार

मुलीच्या खोलीत कीटकांचं जाडजूड पुस्तक आहे. ते काढलं. पुस्तक घरात पडलंय म्हणून काढलं, तिचं आहे म्हणून नाही.

मुलीबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो. ती दुसऱ्या शहरात कॉलेजात किडे शिकवते. गेल्या वर्षी जानेवारीत जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही फार ओरडता. मी तिला नीट समजावून सांगितलं की मी ओरडत नाही. समजावताना खालच्या मजल्यावरची माणसं वर आली, तो त्यांचा भोचकपणा. ती ताटावरून उठली, बॅग भरली, दहा चाळीसच्या बसनं गेली. चौदा महिने झाले. फोन करत नाही असं नाही. दुपारी करते, मी ड्यूटीवर असताना, आईला. घरी येतो तेव्हा हिचा चेहरा हसरा असतो, त्यावरून कळतं.

पुस्तक इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. समासात पेन्सिलनं मुलीच्या खुणा. तिचं अक्षर माझ्यासारखं आहे, जरा उजवीकडे कललेलं. चाळीस पानं नुसतं समासच वाचत बसलो. किड्याचं काही कळलं नाही.

तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मी विचारणार नाही. फोन तिनं करायचा. मी बाप आहे.

९ मार्च, रविवार

प्राणिसंग्रहालयाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, किडा कोणत्या पिंजऱ्यातून सुटलाय? मी म्हटलं, सुटला नाही, सापडलाय. तो म्हणाला, मग ठेवून घ्या. फोन आपटला. आपटायला घरचा जुना फोनच बरा होता, मोबाईल आपटून नुकसान आपलंच. काच गेली.

काल आठ किरकिरे घरी आणलेत. प्लास्टिकच्या टबात, गॅलरीत. त्या घाणेरड्या गाळात बिचारे कसे राहत असतील? मी त्यांना माझ्या हातचं शुद्ध पाणी दिलं. आजारी पडू नयेत म्हणून ब्लिचिंग पावडर चिमूटभर जास्त.

११ मार्च, मंगळवार

आठही उताणे. मेले.

कुणीतरी पाण्यात साबण टाकला असणार. हिला विचारलं. ही म्हणाली, मी गॅलरीत गेलेलेच नाही, तुमच्या औषधाचा वास मात्र स्वयंपाकघरापर्यंत येतोय. एकतीस वर्षांत माझ्या पाण्यानं कुणी मेलेलं नाही, हे मी हिला ठणकावून सांगितलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. रागाच्या भरात टब उचलला आणि किड्यांसकट गॅलरीतून खाली रिकामा केला. खाली वाळत घातलेले कपडे होते. त्यांचा पांढरा रंग आणखी पांढरा झाला असेल, निळा मात्र गेला म्हणतात. खालचे लोक पुन्हा वर आले.

हरकत नाही. चार नंबरमध्ये शेकड्यांनी आहेत.

१३ मार्च, गुरुवार

किरकिऱ्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करायचा ठरवलं. पुरावा लागतो. सकाळी अकराला एक पकडला, मोबाईल चालू करून खिशात उभा ठेवला, किडा तळहातावर घेतला. गप्प. काल ओरडणारा आज मूग गिळून बसला. तेवढ्यात फिटर विचारायला आला, दोन नंबरचा व्हॉल्व्ह किती उघडू? त्याला थोडक्यात सांगितलं की शास्त्रीय काम चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. मग किडा बोलला. छान, खणखणीत. मूठ जरा आवळली गेली होती.

दुपारी चार. रेकॉर्डिंग प्राणिसंग्रहालयाला पाठवायचं होतं. फुटक्या काचेवर बोट घसरलं आणि मुलीला गेलं. मुद्दाम नाही. तिचं नाव यादीत शंभर नावं खाली आहे आणि बोट नेमकं तिथंच घसरलं. सोबत चुकून लिहिलंही गेलं: ‘हा आवाज कुणाचा?’

१४ मार्च, शुक्रवार

दोन निळ्या खुणा. म्हणजे ऐकलंय.

उत्तर नाही. शिक्षण दिलं, संस्कार राहिले. उत्तर देण्याची साधी पद्धत नाही. मी काही वाट बघत नाहीये. मोबाईल चार्जिंगला लावायचा म्हणून हातात असतो.

१५ मार्च, शनिवार, सकाळी ६.१०

उत्तर नाही.

६.२५

नाही.

ड्यूटीवर ८.००, ८.२०, ९.०५

नाही. पाण्याच्या तपासणीच्या वेळा लिहायच्या तक्त्यात चुकून हेच लिहिलं. खोडलं.

१६ मार्च, रविवार

आलं.

दोनच शब्द: ‘आवाज ओळखला.’

बघा. याला म्हणतात विद्या. प्राणिसंग्रहालयाच्या माणसाला चार प्रश्न विचारून कळलं नाही, आणि मुलीनं नुसतं ऐकून ओळखला. माझीच मुलगी. हिला मेसेज दाखवला. हिनं तो दोनदा वाचला, मग म्हणाली, कुणाचा? मी म्हटलं, किड्याचा, आणखी कुणाचा? ही गॅसकडे वळली. हिला शास्त्रातलं काही कळत नाही.

उद्या केंद्रावर सगळ्यांना ऐकवणार.

१७ मार्च, सोमवार

ऐकवलं.

साहेबांच्या केबिनमध्ये, फिटर, क्लोरीनवाला, चौकीदार, सगळ्यांना बोलावून. प्रस्तावना केली. माझ्या मुलीनं, जी या विषयातली तज्ज्ञ आहे, हा आवाज ओळखलाय, असं सांगितलं. मोबाईल टेबलावर मधोमध ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला. मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होतो.

रेकॉर्डिंग सहा मिनिटं बारा सेकंदांचं आहे. पाच मिनिटं चाळीस सेकंद मीच आहे.

कुणीतरी माणूस ओरडतोय आणि थांबतच नाही. फिटरला बोलतो, त्याच्या बापाला बोलतो, व्हॉल्व्हला बोलतो. साहेबांना ‘गळका नळ’ म्हणतो, दोनदा. मध्ये एक जागा अशी आहे की तो दमतो, आता संपलं असं वाटतं, आणि मग पुन्हा सुरू होतो. मला वाटलं होतं दोन वाक्यं बोललो असेन. बंद करायला मोबाईल उचलला तर हातातून निसटून टेबलाखाली गेला, त्यात वेळ लागला. साहेब चष्मा पुसत होते. फिटर माझी समजूत घालायला म्हणाला, यात माझं नाव फार वेळा नाहीये.

आवाज ओळखला म्हणे.

घरी आलो. हिला काही सांगितलं नाही. हिनं विचारलंही नाही. हिला कालच कळलं होतं.

१८ मार्च, मंगळवार

फार राग आलाय. कुणाचा ते ठरत नाही. मोबाईल कंपनीचा असावा. इतकं स्पष्ट रेकॉर्ड करायची गरज काय?

मुलीला उत्तर देणार नाही. कधीच नाही. विषय संपला.

संध्याकाळी ६.००

तिचा दुसरा मेसेज. लांब. लिहिते की आधी मी पूर्ण ऐकलंच नव्हतं, अर्ध्या मिनिटात बंद केलं होतं. आज शेवटपर्यंत ऐकलं. बाबा, शेवटी ती किर्रर्र कशाची आहे? किडा आहे का? कुठे मिळाला? पाण्यातला आहे का? फोटो पाठवा.

मी फोटो पाठवले. दोन हलले, एकात माझा अंगठा. पण किड्याचं सगळं वर्णन लिहून पाठवलं, लाल अळीसकट. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. माझ्या मोबाईलवर. मी घरात आहे हे माहीत असताना.

ती भराभर बोलत होती, लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायची तशी. म्हणाली, असा ओरडणारा पाणकिड्यांचा एक गट आहे, शिकारी, गाळात राहून अळ्या खाणारा. जगभरात मिळून त्याच्या फक्त सहा जाती. अख्खं कूळ सहा जणांचं. मी म्हटलं, आपल्यापेक्षा मोठं आहे, आपण तिघंच. ती हसली. चौदा महिन्यांनी हसली. म्हणाली, आपल्या भागात तो सापडल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही, खरंच तोच असेल तर मोठी गोष्ट आहे. पण फोटोवरून सांगता येणार नाही, हातात घेऊन बघायला हवा. रविवारी येऊ का?

मी म्हटलं, किड्यासाठी येत असशील तर ये.

ठेवताना म्हणाली, त्याला दाबू नका बाबा. तो रागानं ओरडत नाही, घाबरून ओरडतो. पोटाचं टोक पंखांच्या खाली घासतो. माझ्या किड्याला भित्रट म्हणते. पण मी वाद घातला नाही. वाद न घालता फोन ठेवण्याची ही माझी पहिली वेळ असावी.

१९ मार्च, बुधवार

रविवारचा कार्यक्रम ठरवला. दहा चाळीसला बस. स्टँडवर मी स्वतः. तिथून थेट केंद्रावर, कारण ती किड्यासाठी येतेय. मग घरी. जेवताना बोलायचं नाही. बोलायचं झालं तर हळू.

हिनं दुसरी गादी गॅलरीत उन्हाला घातली. मुलीच्या खोलीत मी ठेवलेले जुने पाइप, मीटर, वॉशरचे डबे हलवले. मला न विचारता. मी काही बोललो नाही. ही दोनदा वळून बघून गेली, बरं नाही का म्हणून.

हळू बोलायची प्रॅक्टिस चालू. दुकानदाराला इतक्या हळू सांगितलं की त्यानं मला खुर्ची दिली आणि पाणी आणलं.

२० मार्च, गुरुवार

साठलेली एक रजा काढली. दिवसभर घरी. एकदाही आवाज चढला नाही. खालच्यांनी गाणी लावली होती, तरीही. रविवारपर्यंत सहज जमेल. लोक उगाच म्हणतात स्वभावाला औषध नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चार नंबरची टाकी पांढरीशुभ्र आहे.

सकाळी सातला गेलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, रस्ता चुकलो. तळ दिसतोय. भिंती घासलेल्या, कोपरे खरवडलेले, वरून चुन्याचा हात. एक थेंब पाणी नाही. साहेब हसत बाहेर आले. एकतीस वर्षांत साहेब हसत बाहेर आलेले मी बघितलेले नाहीत. म्हणाले, तुमचा अर्ज वरून आला, तातडीचा शिक्का मारून. काल सुट्टी होती तुमची, म्हटलं सरप्राइज देऊ. अर्जाची प्रत दाखवली. माझंच अक्षर, जरा उजवीकडे कललेलं. ‘तातडीनं उपसून, घासून, कोरडी करावी.’ खाली माझी सही, त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

सतरा शेऱ्यांना उत्तर दिलं नाही. अठराव्या वेळी कामाला लागले.

साहेबांना बोललो. काय बोललो आठवत नाही, फिटर म्हणतो नवीन शब्द बरेच होते. गाळ कुठे टाकला विचारलं. ट्रकनं गेला, भराव घालतात तिकडे. तिकडे गेलो. वर दुसरे सहा ट्रक मातीचे पडले होते. चिखलात उभं राहून एक तास हातानं उकरलं. फिटर न सांगता सोबत आला, तोही उकरत होता. मध्येच म्हणाला, तुम्ही ओरडून बघा, घाबरून ओरडतील. चेष्टा नव्हती ती. तो मनापासून सुचवत होता. मी ओरडलो नाही. घसा बसला होता.

एक, दोन, तीन नंबरमध्येही बघितलं. तिथे काही जगत नाही. तिथलं पाणी फार चांगलं आहे.

२२ मार्च, शनिवार

तिला न सांगता येऊ द्यावं, असा विचार केला होता. उद्या आली की मग सांगता येईल. पण खोटं बोलावणं बरं नव्हे. ती मोठी बॅग घेऊन, काचेच्या बाटल्या घेऊन येणार, आणि मी तिला पांढरी टाकी दाखवणार. मग तीच म्हणेल, यासाठी बोलावलंत.

चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा फोन लावला. पहिल्याच रिंगला घेतला. म्हणाली, बाबा?

अगदी हळू बोललो. सांगितलं की किडे गेले, टाकी धुतली गेली, एकही राहिला नाही. कुणाच्या अर्जानं ते सांगितलं नाही. तिनं विचारलं, एकही नाही? नाही. मागे कुठेतरी तिच्याकडे पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. मग म्हणाली, मग मी येऊ की नको?

उत्तर एका अक्षराचं होतं. ये. तोंडात आलेलं होतं. हिनं बेडशीट बदललीय, गादीला ऊन दिलंय, पुस्तक होतं तिथं ठेवलंय, हे सगळं सांगायचं होतं. किड्याचं राहू दे गं, तू ये, असं म्हणायचं होतं.

म्हणालो, तुला कामं असतील. तुझं तू बघ.

मग म्हणाली, बरं.

आवाज अजिबात चढवला नव्हता. कुणालाही विचारा. ही शेजारीच उभी होती. हिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, तोवर तिकडून बंद झाला होता. ही म्हणाली, परत लावा. मी म्हटलं, तिला कळायला नको का? ही कधी ओरडत नाही. आज ओरडली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च, रविवार

सकाळी स्टँडवर गेलो. सहजच. त्या बाजूला एक काम होतं.

बाकावर बसलो. दहा चाळीसची बस दहा अडतीसला आली. नऊ माणसं उतरली. एकीच्या हातात मोठी बॅग होती, पण ती दुसरीच कुणी. सगळी पांगेपर्यंत थांबलो. मग ड्रायव्हर उतरला, त्यानं दार ओढून घेतलं. मी काचेतून आत एकदा बघून घेतलं, कुणी झोपलंबिपलं असेल म्हणून.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं माझा चेहरा बघितला आणि न विचारता तक्रारवही पुढे सरकवली. पेनही दिलं.

मी वही उघडली. तारीख घातली. बस वेळेच्या आधी आली होती, स्वच्छ होती, ड्रायव्हर सभ्य होता. लिहिण्यासारखं काही नव्हतं. वही परत दिली.

तो म्हणाला, काय झालं, तक्रार नाही?

म्हटलं, नाही.